एकशे वीस किलोच्या आत

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. बाबांची नोकरी धरणांवर, धरणाच्या कॉलनीत शाळा नाही, म्हणून चौथीपर्यंत आईच माझी शाळा. वर्गात मी एकटी. पहिला नंबर माझाच यायचा आणि शेवटचाही; आई दोन्ही सांगायची. तिचा नियम : चुकलं की दहा वेळा लिहायचं आणि खाली कारण द्यायचं. आता इथे सौदीत, खोबरमध्ये दहा वेळा लिहून घेणारं कुणी नाही, म्हणून ही वही.

आज क्लिनिकमध्ये डॉ. सत्यजितांनी बोलावलं. पेशंट : फिक्रेत मुयाकिच. बोस्नियातल्या झेनिचा गावचा. वय एकोणचाळीस. किकबॉक्सर, हेवीवेट. गुडघा दुखतो. ४ एप्रिलला रियाधला मॅच. हेवीवेटला एरवी वरची मर्यादा नसते, पण या लढतीच्या करारात एकशे वीस किलोच्या आत असं लिहिलं आहे. जास्त भरला तर मॅच रद्द, आणि या वयात दुसरी कुणी देणार नाही. डॉक्टर म्हणाले, गुडघा तू कर, आणि वजनावर जरा लक्ष ठेव.

लक्ष ठेव म्हणजे जबाबदारीच. एका माणसाचं अख्खं करिअर माझ्यावर! माझं प्रोबेशन दहा एप्रिलला संपतं. हा योगायोग नसावा.

काट्याने आधी एरर दाखवली, मग १२६.४. दिवस एकोणसाठ (अधिकृत वजन मॅचच्या आदल्या दिवशी). म्हणजे रोज १०८ ग्रॅम. एक मध्यम बटाटा. हे तर झोपेतही होईल.

५ फेब्रुवारी, बुधवार
पेशंटची पूर्ण हिस्टरी घ्यावी असं पुस्तकात आहे. त्याच्या ७१ मॅचेस आहेत, त्यांतल्या २६ फोनवर पाहिल्या. प्रत्यक्षात नऊ, बाकीच्या बोटांच्या फटीतून.

नोंदी : सोळाव्या वर्षी पोलादाच्या कारखान्याच्या क्लबात सुरुवात. कोच रासिम, तेव्हापासून आजतागायत तेच. फिक्रेत त्यांना चिका रासिम म्हणतो. चिका म्हणजे आपल्याकडचे काका. जिंकल्या ५२, हरल्या १९. ओसाकाच्या फायनलमध्ये तिसऱ्या राउंडला नडगी मोडली तरी घंटा होईपर्यंत उभा होता. (हे बोटांच्या फटीतूनही नाही, फक्त ऐकलं.) शेवटच्या सातपैकी सहा हरला.

निदान : वजन. वजन उतरलं की वेग येणार, वेग आला की नॉकआउट. इतकं सरळ आहे की आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही याचंच नवल.

चार्ट केला. चौदा रकाने. रूममेट कौमुदीने (नर्स, नाशिकची, कशाचंच गांभीर्य नाही) ‘पालेभाज्यांबद्दलचं मत’ हा रकाना पाहून विचारलं, त्याला रिंगणात उतरायचंय की मेथी निवडायचीय? रकाना ठेवला.

१० फेब्रुवारी, सोमवार
१२६.९. ही वाढ नव्हे. मोजे होते, आणि जाड होते.

ब्रेड बंद सांगितलं होतं. त्याने पाळलं. त्याऐवजी बुरेक खाल्लं, म्हणजे पातळ पोळीत खिमा भरून केलेली, तेलाने माखलेली गुंडाळी. त्याचं म्हणणं, बुरेक म्हणजे ब्रेड नव्हे, बुरेक म्हणजे बुरेक. चार्टला पंधरावा रकाना जोडला.

तो मला डॉक्टर म्हणतो. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे अकरा वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी मान डोलावतो आणि म्हणतो, ओके डॉक्टर. या माणसाला नाही म्हणताच येत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
१२५.८!!

म्हटलं नव्हतं? काट्याचा फोटो आईला पाठवला. आईचा लगेच फोन. एवढे मोठे पाय कुणाचे? आणि लग्न झालंय का त्याचं? झालंय, दोन मुली आहेत, असं सांगितल्यावर वजनाबद्दलचा उत्साह ओसरला.

शाहिदभाई (खेडचे, रिसेप्शन आणि यंत्रं सांभाळतात, मी त्याला तपासत असताना दार उघडं ठेवून समोर तेच बसतात) म्हणाले की दोन दिवस त्याचं पोट बिघडलं होतं, शिवाय त्याने कालच केस कापलेत. या गोष्टी मी कारणं म्हणून धरत नाही.

गुडघा बरा आहे. त्याबद्दल विशेष काही लिहिण्यासारखं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार
महाशिवरात्र. उपास. डबा उघडला, तर फिक्रेत डब्याकडे बघत होता. आईने शिकवलंय, समोरच्याला विचारल्याशिवाय घास घ्यायचा नाही. विचारलं. तो नाही म्हणाला नाही. माझी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचे लाडू संपले. हे काय आहे, म्हणाला. मी म्हटलं, हा आमचा उपास. त्याने रिकामा डबा उचलून आत पाहिलं. मग म्हणाला की शनिवारी रमजान सुरू होतोय, आमचा उपास असा नसतो.

आणि तिथेच मला मार्ग दिसला.

रमजानचा पूर्ण महिना. दिवसभर तो आपोआप काही खाणार नाही. संध्याकाळी उपास सोडताना लोक भाताच्या परातींवर तुटून पडतात, तिथेच वजन वाढतं. त्याऐवजी त्याला उपासाचं द्यायचं! धान्य नाही, मांस नाही, तळण नाही (साबुदाणेवडे सोडून). दिवसा त्यांचा उपास, संध्याकाळी आमचा. दुहेरी उपास! वैद्यकीय साहित्यात असा प्रयोग सापडला नाही. म्हणजे पहिलाच.

डॉक्टर उद्या महिनाभराच्या रजेवर पुण्याला जातायत, दोन एप्रिलला येतील. मी दर आठवड्याला रिपोर्ट पाठवणार.

१ मार्च, शनिवार
रमजान सुरू. निश्चय : उपाशी माणसाला सल्ले देऊन आपण मात्र दुपारी जेवणं हे प्रामाणिक नव्हे. मीही त्याच्यासोबत दिवसभर उपास धरणार आणि संध्याकाळी तोच डबा खाणार.

कौमुदीने चार किलो साबुदाणा आणला. दुकानदाराने विचारलं म्हणे, मंदिर उघडताय का?

४ मार्च, मंगळवार
आजचा डबा : वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, केळ्याचं शिकरण, खजूर तीन. सूर्यास्ताची, म्हणजे मगरिबची अजान झाल्यावर शाहिदभाई, फिक्रेत आणि मी क्लिनिकच्या पँट्रीत बसलो. फिक्रेतने आमटी वाटीनेच प्यायली. चार वाट्या. म्हणाला, झेनिचात हे मिळालं असतं तर मी आधीच्या पिढीतल्या सगळ्यांना हरवलं असतं.

काटा : १२६.३. पाणी असणार. पाणी प्यायलाच हवं.

९ मार्च, रविवार
१२७.५.

काट्याचा संशय येतोय. शाहिदभाई दुखावले. म्हणाले, जर्मन आहे, अगो, जर्मन काटा खोटा बोलत नाय. मी वीस किलोचं बासमतीचं न फोडलेलं पोतं आणून ठेवलं. १९.९ दाखवलं. म्हणजे काटा शंभर ग्रॅमने चुकतोय! बघा. एकदा पाया ढिला म्हटल्यावर काय भरवसा.

पहिला रिपोर्ट डॉक्टरांना पाठवला. अकरा पानं. आकडे सगळे खरे दिलेत, पण शेजारी खुलासेही. उत्तर आलं : अंगठा.

१० मार्च, सोमवार
आज खरोखरची एकादशी, म्हणून डब्यात खास वडे. शाहिदभाई तिसरा वडा उचलताना म्हणाले, तुमच्यातच म्हणतात ना, एकादशी दुप्पट खाशी? मी म्हटलं, ती थट्टा आहे, शास्त्र नाही. ते म्हणाले, बरं.

वड्याबरोबर दही होतं. दही गार असतं.

१६ मार्च, रविवार
१२८.८. वाचनात आलं की स्नायू चरबीपेक्षा जड असतात. म्हणजे चरबी जाऊन स्नायू येतायत. बाहेरून तसं दिसत नाही, पण स्नायू आतच असतात.

आज गुडघ्याचा व्यायाम घेताना तो खाली मांडी घालून बसला आणि हात न टेकता उठला. सहा वर्षांत पहिल्यांदा, म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, छान, आता इकडे काट्यावर या.

माझा युनिफॉर्म आवळतोय. खोबरच्या पाण्याने कपडे आटतात.

दुसरा रिपोर्ट. तेरा पानं. अंगठा.

२० मार्च, गुरुवार
आईला फोनवर सगळं सांगितलं. तिला पहिल्यांदाच कळलं की मी रोज साबुदाणा देते. तिने विचारलं, किती वेळ भिजवतेस? मी सांगितलं. म्हणाली, मग बरोबर आहे. म्हणजे पद्धत बरोबर आहे. आईने एकदा मान्य केलं, की मग मला पुढे कुणाला विचारायची गरज वाटत नाही.

२५ मार्च, मंगळवार
१३०.४. जमिनीचा उतार तपासला. काट्याखाली फरशीची एक सांध आहे. काटा चार ठिकाणी ठेवून पाहिला. चारही फरशा सदोष निघाल्या.

चिका रासिमचा झेनिचाहून व्हिडिओ कॉल आला. म्हातारे फिक्रेतवर बराच वेळ ओरडत होते आणि फिक्रेत हसत एकच शब्द म्हणत होता. दोस्ता, दोस्ता. मला वाटलं मित्राबद्दल काही असावं. नंतर अर्थ विचारला. म्हणाला, पुरे. बस झालं. चिका विचारत होते, दिवसाला किती राउंड करतोस. मी म्हटलं, मग? म्हणाला, मग काय, त्यांनी दोन वाढवून सांगितले.

फोनमध्ये चिकांना फक्त चेहरा दिसतो. चेहरा मुळात मोठाच आहे, त्यामुळे काळजी नाही.

युनिफॉर्मचं बटण तुटलं. धागा चिनी होता.

३० मार्च, रविवार
ईद आणि पाडवा एकाच दिवशी! चांगला शकून. पँट्रीत शाहिदभाईंच्या घरून शीरखुर्मा, फिक्रेतच्या बायकोने पाठवलेला बकलावा, माझं श्रीखंड आणि पुरी. (सणाला उपासाचं वाढणं अशुभ. शिवाय पुऱ्या मोजून आणल्या होत्या. चाळीस.)

आईच्या शाळेत आग्रहाच्या तीन पायऱ्या होत्या. एक : घ्या. दोन : अर्धी तरी. तीन : न विचारता वाढणे. तिसरीनंतर फिक्रेतने विचारलं, तुमच्या भाषेत नो कसं म्हणतात? म्हटलं, जेवताना नाही म्हणत नाहीत, पुरे म्हणतात. त्याने चांगला सराव केला. पुरे. पुरे. प्रत्येक पुरेला मी एक पुरी वाढली, कारण आपल्याकडे पहिल्या पुरेला थांबणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. तो गोंधळून म्हणाला, पुरे म्हणजे अजून एक का? शाहिदभाई म्हणाले, साधारण तसंच.

वजन केलं नाही. सण होता.

चार दिवस बाकी. तेरा किलो मानलं तर दिवसाला सव्वातीन. कठीण आहे, अशक्य नाही. ऐकलंय की पैलवान शेवटच्या दिवसांत घाम काढून पाणी उतरवतात. श्रीखंडातही पाणी असतंच.

३ एप्रिल, गुरुवार, रियाध
डॉक्टर काल परतले. आज सकाळच्या ट्रेनने त्यांच्याबरोबर आले. वाटेत त्यांनी विचारलं, सगळं बरोबर ना? मी म्हटलं, दिशा योग्य आहे. मग म्हणाले, तुझे रिपोर्ट वाचले. मी विचारलं, कुठलं पान आवडलं? खिडकीबाहेर उंट आहे म्हणाले.

हॉटेलचा मोठा हॉल. संगीत, दिवे, कॅमेरे. प्रतिस्पर्धी मोरोक्कोचा : १११.८. टाळ्या.

फिक्रेत : १३२.६.

झेनिचाहून आलेले चिका रासिम खुर्चीत बसले आणि तोंड दोन्ही हातांत घेतलं.

काटा गालिच्यावर होता. हे मला स्पष्ट दिसत होतं, बाकी कुणाला दिसत नव्हतं. मी हात वर केला. गालिच्यावर काटा बरोबर चालत नाही, असं इंग्रजीत, मग हिंदीत सांगितलं. माइकवाल्याने नाव विचारलं. पूर्ण नाव सांगितलं, स्पेलिंगसह. गालिचा काढला. तीन मिनिटं लागली, तेवढा वेळ सगळे माझ्याकडे बघत होते.

१३२.८.

मॅच रद्द. फिक्रेत खाली उतरला, माझ्याजवळ आला, आणि विचारलं, डब्यात काही आहे? होतं. राजगिऱ्याचे चार लाडू, विजयानंतरसाठी. दोन त्याने खाल्ले, दोन नेऊन चिकांना दिले. चिकांनी एक खाल्ला. मग दुसरा.

४ एप्रिल, शुक्रवार
ज्या दिवशी मॅच असायची तो दिवस.

तेवीस वर्षांचं करिअर मी साबुदाण्याने संपवलं. ज्याला ७१ जणांना आडवं करता आलं नाही (बरोबर लिहायचं तर एकोणीस जणांना आलं होतं) त्याला मी आडवं केलं. कबुलीपत्र लिहिलं. चार पानं, दोन परिशिष्टं. प्रोबेशन संपण्याआधीच राजीनामा जोडलाय. इकामा (इथला राहण्याचा परवाना) परत करायचा तर कुठे, हे शाहिदभाईंना विचारायचं आहे.

कौमुदीने वाचून विचारलं, परिशिष्ट दोनमध्ये खिचडीची कृती कशाला? म्हटलं, पुरावा.

६ एप्रिल, रविवार
डॉक्टरांनी कबुलीपत्र खरोखर वाचलं. चारही पानं. पहिल्यांदाच. मी उभी होते. फिक्रेत गुडघ्यासाठी आलेला, तोही तिथेच बसला होता. दारात शाहिदभाई.

डॉक्टरांनी फिक्रेतला विचारलं, संध्याकाळी डब्यानंतर काय खायचास? फिक्रेतने शाहिदभाईंकडे पाहिलं. शाहिदभाईंनी बुटांकडे. रोज पँट्रीतून तो शाहिदभाईंच्या घरी जायचा. भाभींचे कोंबडीवडे, सांदणं, मटण. पूर्ण महिना. तिथून जिमवाल्या मोरोक्कन मित्राकडे सूप आणि पाव. पहाटे परत बुरेक. डॉक्टरांनी कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाले, श्रुती, तुझ्या साबुदाण्याचा वाटा फारतर दीड किलो.

फक्त दीड?

एक महिना मी स्वतः बटाटे किसले.

मी विचारलं, मग तू कुणालाच ‘नाही’ का म्हणाला नाहीस? करिअर होतं तुझं. फिक्रेतने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत जे सांगितलं ते असं. चिका रासिमना तो तीन वर्षं पुरे म्हणतोय. प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर. चिका दर वेळी म्हणतात, अजून एक. वडील गेल्यापासून चिकांनीच वाढवलं, त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणणार? पहिली खिचडी खाताना वजनाचं लक्षात नव्हतं. साधारण दहा मार्चला लक्षात आलं की आपण जे बोलू शकत नाही ते काटा बोलेल. मग तो जेवत राहिला. म्हणाला, एकोणीस वेळा हरलो, या वेळी निदान कुणी मारलं नाही.

चिकांनी रियाधच्या हॉटेलात अर्धा तास रडून घेतलं, मग म्हणाले, चला, खलास. आणि लाडू कुठे मिळतात विचारलं.

परवा तो झेनिचाला जातोय. मुलींबरोबर डोंगर चढणार. गुडघ्यामुळे सहा वर्षं चढला नव्हता. जाताना मला म्हणाला, थँक यू, डॉक्टर. दुरुस्त केलं नाही.

दोन महिने मी त्याला रोज वजन विचारलं. पालेभाज्यांबद्दलचं मतही विचारलं. लढायचंय का, हे विचारलं नाही. चार्टमध्ये तो रकाना नव्हता.

राजीनामा डॉक्टरांनी परत दिला. कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलंय : गुडघे, खांदे, कंबर. आहार नाही. ‘नाही’खाली दोन रेघा.

१३ एप्रिल, रविवार
प्रोबेशन पास. गुडघ्यामुळे, असं पत्रात आहे.

चुकीतून शिकले. नवा चार्ट केला. सोळावा रकाना सगळ्यात वर : ‘तुम्हाला हे मनापासून करायचं आहे का?’ यापुढे माझ्या हातून कुणावर आग्रह होणार नाही.

आज नव्या चार्टचा पहिला पेशंट. रास अल खैरच्या प्लांटवरचे एक इंजिनिअर, पुण्याचे, कंबरदुखी. पहिला प्रश्न विचारला. त्यांनी खुर्चीत मागे टेकून नीट विचार केला. मग म्हणाले, नाही. मनापासून आभार मानले, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणाले, आणि घरी गेले.

डॉक्टरांनी रकाना काढायला सांगितलंय. आजच.

चार्ट पुन्हा टाइप करत होते तर खुर्चीवर बसताना युनिफॉर्मचं दुसरं बटण उडालं. शाहिदभाईंनी बटण उचलून दिलं आणि काटा पायाने माझ्याकडे सरकवला. ऑक्टोबरात रुजू झाले तेव्हा ५८ होते. मोजे काढले. गालिचा नव्हता. फरशीची सांध टाळून उभी राहिले.

६४.२.

काटा बरोबर आहे.